एकवीस खडे

दोन वर्षांपूर्वी आलेल्या त्या पत्राची वैजनाथरावांनी पहिली ओळ तेवढी वाचली होती. ‘तुमच्या तुरीच्या डाळीत काय निघालं, ते कळवण्यासाठी लिहीत आहे.’ पुढचं वाचायची छाती झाली नाही. काच निघाली असेल, कदाचित उंदीरसुद्धा. एरवी जाडजाड कादंबऱ्या दोन दिवसांत संपवणारा हा माणूस; पण ते एकपानी पत्र त्यांनी टेबलाच्या खणात पार तळाशी सारलं. उत्तर गेलंच नाही.

आज ते आठवलं, कारण समोर महानंदाबाई उभ्या होत्या.

“उद्यापासून येत न्हाई, भाऊ. मसाल्याच्या कारखान्यात बोलावलंय. तितं खुर्ची हाय बसायला.”

चाकूरच्या या डाळमिलमध्ये वैजनाथराव सुपरवायझर होते आणि महानंदाबाई एकोणीस वर्षं डाळ निवडत होत्या. पांढरा, काळा खडा मशीनही काढायचं. डाळीच्याच रंगाचा, डाळीएवढा खडा मात्र त्यांच्याच बोटांना सापडायचा. बाकीच्या सहा बायका त्यांच्याकडे बघूनच शिकलेल्या. त्या गेल्या, की मिलचं नाव गेलं.

मालक पंचाक्षरीअप्पा आतून धावत आले. “आक्का, असं कसं? औंदा बी घड्याळ आणलंय की तुमच्यासाठी. ‘उत्तम कामगार’ म्हणून!”

“चार घड्याळं झाली घरी, अप्पा. एकाची येळ दुसऱ्याला जुळत न्हाई.”

मागे त्या सहा जणींतली पंचशीला तोंडाला पदर लावून हसली. महानंदाबाई हसल्या नाहीत.

“रोज सांजच्याला माझ्याम्होरं काय ऱ्हातं? मूठभर खडे. डाळ जाती पोत्यात, पोतं जातं गाडीत. कुटं जातं, कोण खातं, कुणाला ठावं? म्या न्हाई येचलं तर कुणाला काय फरक पडतोय?”

अप्पांनी वैजनाथरावांकडे पाहिलं. “एवढी पुस्तकं वाचता, सांगा की कायतरी!”

डाळ कुणी खाल्ली हे सांगणारा एकच कागद वैजनाथरावांपाशी होता आणि त्यात शिव्याच असणार. पण शिव्या झाल्या तरी खाणाऱ्याच्या होत्या. त्यांनी खण ओढला, पत्र काढलं आणि पुढची ओळ आधी न बघता मोठ्यानं वाचायला लागले. आवाज कापत होता.

“‘...कळवण्यासाठी लिहीत आहे. काहीही निघालं नाही. भोकरजवळच्या आमच्या वसतिगृहात एकतीस अंध मुलं राहतात. ताटातला खडा त्यांना दिसत नाही, दाताखाली आल्यावरच कळतो. म्हणून ती भीत भीत जेवायची. तुमची पोती यायला लागल्यापासून एकही खडा लागला नाही. मुलं पोटभर जेवतात. आपले खडे कोण वेचतं, असं रोज विचारतात. कृपया नाव कळवावं. मल्लम्मा, स्वयंपाकीण.’”

सगळ्यांचे हात सुपात तसेच थांबले.

“पुन्यांदा वाचा,” महानंदाबाई म्हणाल्या.

त्यांनी वाचलं.

“दोन वरसं लेकरं माझं नाव इचारून ऱ्हायलीत, अन् तुमी खणात घालून बसलाव?”

“चुकलं माझं.”

“मग लिवा आता.”

वैजनाथरावांनी पेन उघडलं आणि तसंच धरून राहिले. लिहिलेलं मुलांना दिसणार कसं? मग त्यांनी मोबाईलवर ब्रेल लिपीचा तक्ता शोधला. बोटांनी वाचायची, उठावदार ठिपक्यांची अक्षरं. निवडणाऱ्यांतल्या सिंधूनं डिंक आणला. पुठ्ठा समोर घेऊन त्यांनी ठिपक्यांसाठी चिमूटभर डाळ उचलली.

“डाळ ठिवा खाली. अन्नाला डिंक लावत्यात व्हय?”

महानंदाबाई कोपऱ्यात गेल्या. दिवसभराचे निवडलेले खडे तिथं पडले होते. त्यातले ओंजळभर घेऊन त्या बसल्या आणि एकसारखे, बारीक, बोटाला न टोचणारे वेचू लागल्या. एकोणीस वर्षांत पहिल्यांदाच त्या ठेवून घेण्यासाठी खडे वेचत होत्या.

त्यांच्या नावाला एकवीस लागले. चौदावा वैजनाथरावांनी चुकीच्या जागी चिकटवला. शाळेची पायरी न चढलेल्या महानंदाबाईंनी तक्त्यावर बोट ठेवलं. “ह्यो इतं न्हाई, खाली. लेकरं भलतंच वाचतील.”

अप्पांनी हळूच विचारलं, “मग आक्का, उद्या?”

“उद्या ह्या सहा जणींची नावं ऱ्हायलीत की. अन् खुर्च्या इतंच आणा.”

अप्पा आत गेले आणि स्वतःची गादीची खुर्ची उचलून घेऊन आले. पंचशीला आता पदर न लावता खदखदून हसली.

दुसऱ्या दिवशी दुपारी सातही नावं वाळली. पोस्टातल्या बाईनं पाकीट हातात तोललं.

“डाळमिलवाले ना तुम्ही? आत काय, डाळ हाय का?”

“नाही,” वैजनाथराव म्हणाले. आवाज अजिबात कापला नाही. “मुलांच्या घासात आले नाहीत, ते खडे.”