बिनइंजिनाची गाडी

गुरुजी मुलांना घेऊन जुन्या गाड्यांच्या संग्रहालयात आले होते. एका श्रीमंताची चकचकीत मोटार आणि तिच्या शेजारी माणसाने ओढायची हातरिक्षा.

"यातली जुनी कोणती?" गाईडने विचारलं. सगळ्यांनी रिक्षाकडे बोट केलं.

"फसलात. रिक्षा मोटारीहून वीस वर्षांनी लहान आहे."

"मोटार असताना बिनइंजिनाची गाडी कशाला बनवली?" वर्गात पहिल्या बाकावर बसणारी चिंगी म्हणाली.

"स्वस्त पडायची गं. इंजिन नको, पेट्रोल नको, कसली कटकट नको," असं म्हणत गाईड रिक्षात ऐसपैस रेलला. मुलं खिदळली.

गुरुजींच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "आधी खाली उतर," ते कडाडले.



गाईड उतरल्यावर गुरुजी म्हणाले, "इंजिन होतं तिला. रोज रात्री पाय सुजवून घरी यायचं. आम्ही त्याला बाबा म्हणायचो."