पाचच मिनिटं

वाळलेले कपडे काढायला आमचे शिंपीबुवा गच्चीवर गेले की तासभर खाली येत नाहीत. विचारलं तर म्हणतात, "अगं, पाचच मिनिटं झाली!" समोरच्या गच्चीत केस वाळवत बसणारी मला दिसत नाही की काय!

आज दूध मंद आचेवर ठेवून मी चोरपावलांनी वर गेले. समोर चिटपाखरू नव्हतं. हे हातात चिमटा धरून आभाळाकडे बघत उभे.

"कुणाची वाट बघताय?"

"उरलेल्या कापडात कोटाची बाही कशी बसवावी, तेच बघतोय."

"कॉलर आतून तुकडे जोडून केली तर बाहीपुरतं कापड सुटेल की!" म्हणत मी शेजारी कठड्याला टेकले.

खाली जळक्या पातेल्यापाशी सासूबाई डोळे बारीक करून उभ्या. "इतका वेळ काय चाललं होतं वर?"

 

"अहो आई, पाचच मिनिटं झाली!"