भिगवणचा मासा
कॅन्सरच्या औषधांनी शबानाच्या तोंडाची चव गेली, त्याला सात महिने झाले होते. जळोचीच्या घरी मेहजबीन आईसाठी रोज फोनवरून काहीतरी मागवायची. कधी बिर्याणी, कधी डोसा. शबाना एक घास खायची आणि "कागद चावल्यावानी लागतंय गं," म्हणून ताट बाजूला सारायची. वजन उतरत चाललं होतं. अन्न पोटात गेलंच पाहिजे, असं डॉक्टर बजावत होते. रविवारी दस्तगीरनं बायकोला आणि लेकीला गाडीत बसवलं आणि भिगवणला आणलं. लग्नानंतर तो शबानाला पहिल्यांदा बाहेर जेवायला इथल्याच हॉटेलात घेऊन आला होता. हॉटेलच्या मागं उजनी धरणाचं पाणी दुपारच्या उन्हात पसरलं होतं. इतकं शांत, की आभाळ कुठं संपतं ते कळत नव्हतं. दूर रोहित पक्ष्यांचा गुलाबी थवा धुक्यासारखा तरंगत होता. शबाना झोपेत असल्यासारखी तिकडंच बघत राहिली. हात आपोआप ताटाकडं गेला. तळलेल्या चिलापी माशाचा तुकडा तिनं तोंडात टाकला, चावला, आणि एकदम थांबली. "काय झालं?" दस्तगीर घाबरला. "मीठ जास्त पडलंय," ती कपाळाला आठ्या घालून म्हणाली. मेहजबीनच्या डोळ्यांत पाणी आलं. हॉटेलमालक धावत आला, "चुकलं भाभी, बदलून देतो." दस्तगीरनं प्लेट दोन्ही हातांनी धरून ठेवली. "न्हाय, न्हाय, राहू द्या. असलीच आणखी एक आणा."