मिठाचा वास

जमुनाबाईनं पातेल्यावरचं झाकण उचललं, वाकून वाफ नाकाशी घेतली आणि डोळे मिटून जोरात श्वास ओढला. काही नाही. नुसती गरम हवा.

आत मरळीचा रस्सा रटरटत होता. आज तिच्या नवऱ्याची, फकिराची बरसी. पोरगा खेमराज पहाटेच बापाचं जाळं घेऊन तलावावर गेला होता आणि चांगली हातभर मरळ घेऊन आला होता. या घरी गेलेल्या माणसाच्या ताटात त्याच्या आवडीचंच वाढतात, आणि फकिराला मरळीपुढे दुसरं काही गोड लागल्याचं कुणाला आठवत नव्हतं.

नियम एकच, पण कडक. पितराचं ताट वाढेपर्यंत रस्सा चाखायचा नाही. कुणाच्या जिभेला लागला की उष्टा झाला. मग मीठ कळायचं कसं? नाकानं. आणि नाक असावं तर जमुनाबाईचं! ढिवर मोहल्ल्यात लग्न असो की तेरवी, चुलीवरून रश्श्याचा गंज उतरवायच्या आधी तिला हाक जायची. ती यायची, वाफेवर वाकायची आणि सांगून मोकळी व्हायची, की अर्धी मूठ कमी आहे. लोक मागाहून जेवताना तोंडात बोट घालायचे.

ते नाक मागच्या वर्षी कोरोनानं नेलं. जीभही नेली. डॉक्टर म्हणाले, येईल हळूहळू. वर्ष सरलं, काही आलं नाही. तिनं ते कुणापाशी बोलूनही दाखवलं नाही. ज्या नाकावर मोहल्ल्यात मान होता, ते गेल्याचं काय सांगायचं? रोजचा स्वयंपाक सून नीतू करायची, ही जेवायची आणि छान झालं म्हणायची. छान झालं म्हणायला चव कळावी लागते थोडीच.

आजचं ताट मात्र तिलाच रांधायचं होतं, आणि ते बिघडलेलं तिला चालणार नव्हतं. फकिराचं घरातलं शेवटचं जेवण तिच्या डोक्यातून जात नव्हतं. अंगात ताप होता, दोन घास खाऊन त्यानं ताट सरकवलं. मीठच नाही म्हणाला. तिनं चाखून पाहिलं तर मीठ अगदी बरोबर. तीस वर्षं तिच्या हाताला नाव न ठेवणारा माणूस असा बोलला म्हणून तिचं डोकं फिरलं. "आता तुमच्या जिभेलेही नखरे सुचून राहिले का?" ती म्हणाली. तो भिंतीकडे तोंड करून निजला. दुसऱ्या दिवशी त्याला दवाखान्यात नेलं, तिथून तो परत आला नाही. आठ दिवसांनी तिचाच भात तिला मातीसारखा लागला, तेव्हा तिला कळलं, की बिचारा खरं बोलत होता. कळून काय करता? ज्याला सांगायचं तोच नव्हता.

मीठ टाकलं होतं का आपण? हात म्हणत होता, टाकलं. पण वाफ गप्प होती, आणि जन्मभर तिनं हातापेक्षा वाफेचं जास्त ऐकलं होतं. नियम मोडून चाखलं असतं तरी ती जीभ डोंबल सांगणार होती! बाहेर पाहुणे जमले होते, खेमराज दोनदा हाक मारून गेला होता. काही झालं तरी आज अळणी नको, असं म्हणत तिनं डब्यात हात घातला आणि मूठभर मीठ रश्श्यात सोडलं. मग पितराला विस्तवावर घास द्यायचा म्हणून मागच्या अंगणात आगारीचे निखारे आणायला गेली.

खापरात निखारे घेऊन ती परतली, तर नीतू पातेल्यावर वाकलेली. हातात पळी, आणि खालच्या ओठाला हळद लागलेली.

जमुनाबाई दारातच थांबली. "चाखलं तू?"

नीतूचा चेहरा उतरला. "खारट झालं होतं, आई. गरम पाणी घातलं, थोडं पीठ लावलं." मग मान खाली घालून ती हळूच म्हणाली, "मले माहीत हाय. मागं एकदा मी वरणात मीठच टाकाले भुलली होती. तुम्ही दोनदा मागून खाल्लं."

जमुनाबाईला आधी राग आला. पितराचं ताट उष्टं केलं पोरीनं! मग लाज वाटली. इतके दिवस या पोरीला ठाऊक होतं, आणि तिनं नवऱ्यालाही कळू दिलं नव्हतं. निखाऱ्यांची धग बोटांना लागायला लागली, तेव्हा तिनं खापर खाली ठेवलं.

"पुन्हा चाख," ती म्हणाली. "नीट चाख. तुये मामाजी उष्टं खाऊन घेतीन. खारट नाही खाणार."

नीतूनं पळीतला थेंब तळहातावर घेतला, जिभेला लावला आणि मान हलवली. बरोबर होतं.

ताट वाढलं. फकिराच्या फोटोसमोर खापर ठेवून जमुनाबाईनं भाताचा आणि मरळीचा एक घास निखाऱ्यावर ठेवला, वर तूप सोडलं. पितर हातानं जेवत नाहीत, वासानंच त्यांचं पोट भरतं, असं तिची सासू सांगायची. तूप चरचरलं, धूर उठला. जमुनाबाई धुरात वाकली. डोळ्यांना पाणी आलं, नाकाला काही आलं नाही.

"वास येऊन राहिला का वो?" तिनं मागे न बघता नीतूला विचारलं.

"येऊन राहिला, आई. मरळचा. तुपाचा."

"मंग जेवून राहिले ते," जमुनाबाई म्हणाली, आणि तिनं दुसरा घास निखाऱ्यावर ठेवला.