पिकअपची धाप

दम्याचा पंप. फजरची अजान. चार काळे पिस्टन. पळस्प्याच्या गॅरेजात अस्माच्या जुन्या पिकअपचं सिलिंडर हेड उतरवलं होतं. “भाभी, उघडलंच आहे तर पिस्टन, रिंगा, वॉल्व्ह सगळं नवीन टाकू,” मेकॅनिक फारूक म्हणाला. “जुनं काढू नका, फारूकभाई. नुसती धाप घालवा.” “मग हकिमाकडे न्या गाडी!” तो हसला. दम्यानं नवरा गेल्यापासून अंगणातली पिकअप रोज पहाटे फजरच्या अजानीला आपोआप सुरू व्हायची. महिन्यानं गाडीलाही त्याच्यासारखी धाप लागली, म्हणून अस्मानं ती ओढून इथे आणली. जुन्या भागांबरोबर नवराही जाईल, ही भीती तिनं सांगितली नाही. चार दिवसांनी फारूकनं सगळं नवीन टाकून गाडी तशीच ओढून पोचवली. काढलेले पार्टही रिवाजाप्रमाणे गोणीतून दिले. पहाटे अस्मा अंगणात उभी राहिली. पिकअप गप्पच होती. स्वयंपाकघरात ठेवलेली गोणी खोकली. पिकअपची बॅटरी तिनं दफनाच्या दिवशीच शेजाऱ्याला दिली होती.