सामाईक भिंत

दुपारचा भोंगा वाजला, तशी चंद्रपुरातल्या साऱ्या घरांची दारं आपोआप बंद झाली. हवा इतकी उष्ण आणि दमट झाली होती की घाम वाळतच नसे. बाहेर पडलेली धडधाकट माणसंही कोसळत, म्हणून दारं संध्याकाळच्या भोंग्यालाच उघडत.

दामोदर खोब्रागडे आडवे होणार तोच पलीकडून कण्हणं ऐकू आलं. भिंतीपलीकडे नैतामांचं घर होतं. सांडपाण्याच्या नाल्यावरून भांडण झाल्यापासून दोघांत कित्येक वर्षं बोलणं नव्हतं. इतक्यात दुसऱ्या बाजूच्या शेजारणीचा, नर्स प्रमिलाताईंचा फोन आला.

"दामोदरभाऊ, नैतामांच्या सुनेला कळा सुरू झाल्यात. मूल पायाळू आहे. मी पोहोचले नाही तर कठीण आहे."

दामोदरांनी पलंगाखालची पहार ओढली.

"ताई, भिंतीपासून लांब सरका."

प्रमिलाताईंची भिंत फुटली. त्या वाकून आत आल्या. नैतामांच्या भिंतीवर मात्र दामोदरांचा पहिला घाव पडतो न पडतो, तोच पलीकडूनही घाव ऐकू येऊ लागले. विटा ढासळल्या आणि धुळीने माखलेले नैताम हातात कुदळ घेऊन समोर दिसले. नैतामांनी प्रमिलाताईंना हात देऊन आत घेतलं.

संध्याकाळच्या भोंग्याआधीच मुलीचं रडणं तिन्ही घरांत ऐकू आलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी गवंडी आला. "दोन्ही भगदाडं बुजवू ना?" त्याने विचारलं.

दामोदरांनी नैतामांकडे पाहिलं.

"नको," नैताम म्हणाले. "चौकटी बसव."