रणगाड्याची उजवी बाजू

"पुसा," महिपती म्हणाला. "ह्यो पट्टा असा नव्हता."

वीरभद्रप्पाने हातातला एअरब्रश टेबलावर ठेवला. ठेवला कसला, आपटलाच. तिसऱ्यांदा रंगवलेला रणगाडा आता तिसऱ्यांदा टर्पेंटाइनने पुसायचा. हातभर लांबीचा सागवानी रणगाडा, सिद्धाप्पा सुताराने वर्तमानपत्रातला फोटो बघून कोरलेला. हिरवा रंग झकास बसला होता. त्यावरचे मातकट पट्टे मात्र ह्या माणसाच्या मनास येत नव्हते.

"काय चुकलं ते तरी सांगा की."

"कड कापल्यागत दिसतीया. ती विरलेली व्हती. हिरवा कुटं संपतो, माती कुटं लागती, कळायचं न्हाय."

मंगळवार पेठेत वीरभद्रप्पाचं फोटो रंगवायचं दुकान होतं. मेलेल्या माणसांच्या काळ्यापांढऱ्या गालांवर तो गुलाबी रंग फवारायचा. एअरब्रशला लागणारा वारा मोटारीच्या ट्यूबमध्ये भरून ठेवलेला असे. पायपंप मारायची महानंदा, त्याची बायको. ट्यूब ढिली पडली की ब्रश थुंकतो, आणि अर्ध्या दिवसाचं काम एका ठिपक्यात वाया जातं.

पंपावरचा पाय न काढता महानंदा म्हणाली, "रणगाडा रंगवताय की नवरी सजवताय?"

"नवरी परवडली. तिला चारचारदा हळद लावत नाहीत."

महिपती हसला नाही. तो सांगोल्याकडचा, तिशीचा, फौजेतून सुटून आलेला. दीड वर्षामागच्या लढाईत त्याच्याच तालुक्यातला कोंडीबा असल्या रणगाड्यात जळून गेला होता. कोंडीबाची आई गोजरबाई दुष्काळी कामावर खडी फोडत होती. रविवारी बाजाराची सुट्टी, म्हणून ती सोलापूरला येणार होती. रणगाडा तिला द्यायचा होता.

"तवर हुबेहूब झाला पायजे," त्याने पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. "न्हायतर मला तिच्याफुडं तोंड न्हाय दाखवता येणार."

म्हणून वीरभद्रप्पाने काम घेतलं. आता पस्तावत होता.

तऱ्हाच एकेक. महिपती रणगाडा हातात घेत नसे. गल्लीच्या तोंडाशी स्टुलावर ठेवायला लावायचा आणि स्वतः दुकानाच्या दारातून बघत राहायचा.

"डाव्या बाजूचे पट्टे कसे होते?" वीरभद्रप्पाने विचारलं.

"ती बाजू न्हाय बघितली. तुमच्या मनानं करा."

"बरं, वर नंबर काय घालू?"

"मातीनं बुजला व्हता. दिसंल असा काढू नका."

"आत माणसं कुठनं चढायची? ते झाकण तरी उघडं दाखवू का?"

"ठावं न्हाय."

तो गेल्यावर वीरभद्रप्पा बायकोकडे वळला. "हा त्यात बसलेलाच नाही. लिहून देतो. फौजेत डाळ शिजवत असणार. आता त्या म्हातारीपुढे शूर सैनिक म्हणून मिरवायचंय, आणि मरायचं आपण."

"साकु," महानंदा कानडीत म्हणाली. "पुरे आता. माझ्या पोटऱ्या बघा कशा सुजल्यात. एकदाचा काय तो मारा पट्टा आणि घालवा त्याला."

वीरभद्रप्पाला झोंबत होतं ते वेगळंच. माणूस खोटा, पण पट्ट्यांबद्दल सांगत होता ते खरं होतं. वीस वर्षं ब्रश धरलेल्या हाताला ते जमत नव्हतं. खोट्या माणसाला एवढा खरा रंग कशाला हवा? त्याने चौथ्यांदा हिरवा मारला. वाळू दिला. मग ट्यूब मुद्दाम थोडी ढिली ठेवली, मातकट रंग पाण्यासारखा पातळ केला आणि ब्रश वीतभर लांब धरून तिरका फिरवला. रंग धुळीसारखा येऊन बसला. कड उरलीच नाही.

शनिवारी दुपारी महिपतीने दारातून पाहिलं. खूप वेळ पाहिलं. मग पायरीवर बसला.

"ह्योच," म्हणाला.

बरं झालं म्हणून एक शब्द नाही. उठून गेला.

रविवारी तो गोजरबाईला घेऊन आला. वाळकी, काळी बाई. खडीने तळहात फाटलेले. रणगाडा टेबलावर होता. तिने आधी हात पदराला पुसले, मग बोटाने त्याला शिवली.

"माजा कोंडीबा ह्यात व्हता?"

"व्हय, मावशी."

"तू बी संगंच असशील की रं, लेका. शेवटाला काय बोलला का त्यो?"

वीरभद्रप्पाच्या डोक्यात सणक गेली. तीन वेळा पुसलेला रंग, महानंदाच्या पोटऱ्या, आणि आता ह्या बाईला हा मनची कहाणी सांगणार.

"आई, आधी ह्यांना विचारा, ह्यात कधी बसले होते का. ह्याची दुसरी बाजूसुद्धा माहीत नाही ह्यांना."

"अहो," महानंदाने त्याचा सदरा ओढला.

"सांगू दे की त्यांना." वीरभद्रप्पाने सदरा सोडवून घेतला.

गोजरबाईने महिपतीकडे बघितलं.

"न्हाय बसलो," तो म्हणाला.

"बघा," वीरभद्रप्पा म्हणाला. "मग कुठं होता? भटारखान्यात?"

"समोरच्या टेकाडावर. जीपवरच्या तोफंवर."

महिपतीने रणगाडा फिरवला आणि उजवी बाजू गोजरबाईच्या पुढ्यात केली. मग तिच्या पायाशी जमिनीवर बसला.

"मावशी, नीट बघ. मला एवढंच दिसलं. आपला हाय का त्यांचा, कळंना. गोळा मी सोडला."